लॅपटॉपवरील नेटवर्क जोडणी नाहीशी होते तेव्हा

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात लॅपटॉप ही वस्तू आता दप्तराच्या कपाटाइतकीच सवयीची झाली आहे. २४ एप्रिल २०२० रोजी ई-ग्रामस्वराज हे संकेतस्थळ सुरू झाले. तेव्हापासून गावचा विकास आराखडा, कामांची प्रगती आणि वित्त आयोगाच्या निधीतील देयके यांची नोंद त्यावर होते. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (२०२४ पर्यंत ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणत होतो) यांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या झाल्याखेरीज रक्कम खात्यातून हलत नाही. शाळांना यू-डायस प्लसची माहिती वेळेत भरावी लागते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये दाखले मुदतीत देण्याचे बंधन आहे ते निराळेच. अशा वेळी एखाद्या सकाळी लॅपटॉप उघडावा आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील वाय-फायची पंख्यासारखी खूण गेलेली असावी, तिच्या जागी पृथ्वीगोलाचे एक फिकट चिन्ह असावे, ही अडचण लहान म्हणता येत नाही.

काही वर्षांपूर्वी मार्च महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात, एका नळपाणीपुरवठा योजनेची माहिती घेण्यासाठी प्रस्तुत लेखक एका गावी गेला असता नेमके हेच घडलेले होते. पंपाच्या वीजबिलाचे देयक अडकले होते आणि संगणक परिचालक हवालदिल झाला होता. लॅपटॉप तालुक्याच्या गावी एका दुरुस्ती करणाऱ्याकडे नेण्यात आला. त्याने पाच मिनिटे पाहून ‘विंडोज नव्याने टाकावी लागेल’ असे सांगितले व तसे केले. त्यात पाणीपट्टीच्या तीन वर्षांच्या थकबाकीची यादी पुसली गेली, कारण ती केवळ त्याच लॅपटॉपवर होती. वाय-फायची खूण मात्र परत आली नाही. चार दिवसांनी दुसऱ्या एका जाणकाराने लॅपटॉपचे खालचे झाकण काढले, तेव्हा आतील वाय-फायचे कार्ड आपल्या खाचेतून किंचित सुटलेले आढळले. ते दाबून बसविण्यास दोन मिनिटे लागली. यादी पुन्हा तयार करण्यासाठी पावतीपुस्तके घेऊन घरोघर फिरावे लागले आणि त्या कामात पावसाळा उजाडला.

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे, तंत्रज्ञ नव्हे. परंतु त्या प्रसंगानंतर जाणकारांना विचारून व स्वतः करून पाहून एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. नेटवर्क जोडणी नाहीशी होणे म्हणजे एका साखळीतील एखादी कडी तुटणे होय. कोणती कडी तुटली हे समजेपर्यंत कशालाही हात लावू नये, आणि ते समजण्यासाठी साठविलेल्या माहितीला धक्का लावण्याची गरज जवळजवळ कधीच पडत नाही.

खूण काय सांगते?

‘नेट नाही’ या दोन शब्दांत चार निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. पहिलीत वाय-फायचे बटणच दिसत नाही. सेटिंग्जमधील नेटवर्कच्या पानावर वाय-फाय हा शब्दच नसतो. याचा अर्थ असा, की लॅपटॉपला आपल्याच अंगातील वाय-फाय कार्डाची ओळख राहिलेली नाही. दोष यंत्राच्या आत आहे. राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. दुसरीत बटण आहे, पण आसपासच्या जोडण्यांची यादी कोरी आहे. तिसरीत शेजारच्या दुकानाचे, शाळेचे नाव यादीत दिसते, केवळ आपलेच दिसत नाही. चौथीत आपले नाव दिसते, जोडणीही होते, परंतु ‘इंटरनेट नाही’ असा शेरा खाली येतो. येथे लॅपटॉप बहुधा निर्दोष असतो आणि दोष पुढे राउटरमध्ये किंवा गावात येणाऱ्या तारेत असतो.

यास्तव सर्वांत आधी खिशातील मोबाइल त्याच वाय-फायला जोडून पाहावा. मोबाइलवर संकेतस्थळ उघडले तर लॅपटॉपकडे वळावे. न उघडले तर भिंतीवरील पेटीकडे. या एका कृतीने निम्मे काम होते, आणि आश्चर्य असे की तीच बहुतेकांकडून राहून जाते.

बंद केलेला लॅपटॉप खरोखर बंद होतो काय?

बटण नाहीसे झाले असल्यास प्रथम ‘फ्लाइट मोड’ चालू नाही ना ते पाहावे. कळफलकावरील विमानाचे वा लहरींचे चित्र असलेली कळ नकळत दाबली जाते. काही जुन्या लॅपटॉपांना तर कडेला वाय-फायचा सरकता खटका असे, आणि तो पिशवीत घासून सरकलेला आढळे.

त्यानंतरची गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून लॅपटॉपांत ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय बहुधा चालू असते. तिच्यामुळे ‘शट डाउन’ केले तरी यंत्र पूर्णपणे कोरे होत नाही. कार्यप्रणालीचा गाभा आणि यंत्रभागांची त्या क्षणीची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते व सकाळी तीच पुन्हा उचलली जाते. काल वाय-फाय कार्ड अडकून बसले असेल तर आजही ते तसेच अडकलेले असू शकते. ‘रीस्टार्ट’ मात्र सर्व काही नव्याने सुरू करते. म्हणून ‘दहा वेळा बंद करून चालू केला’ असे कोणी सांगितले तरी एकदा ‘रीस्टार्ट’ करावयास सांगावे.

तेवढ्याने न भागल्यास लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा, माउस-पेनड्राइव्ह आदी सर्व काढावे, बॅटरी निघण्यासारखी असल्यास तीही काढावी आणि चालू करण्याचे बटण सुमारे अर्धा मिनिट दाबून धरावे. आत उरलेला विद्युतभार त्यामुळे निघून जातो. मग चार्जर लावून यंत्र सुरू करावे. हा उपाय गावठी वाटतो खरा, परंतु अडकलेले वाय-फाय कार्ड यामुळे पुन्हा जागे झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

डिव्हाइस मॅनेजरची पाहणी

आता हजेरीपट तपासावयाचा. विंडोजची खूण असलेली कळ व एक्स ही कळ एकत्र दाबल्यास जी यादी उघडते तीत ‘डिव्हाइस मॅनेजर’ हे नाव असते. यंत्राच्या अंगी असलेल्या प्रत्येक भागाची तेथे नोंद असते. त्यातील ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ ही ओळ उघडावी. ‘वायरलेस’, ‘वाय-फाय’ किंवा ‘८०२.११’ यांपैकी काही ज्या नावात आहे ते आपले कार्ड. (८०२.११ हा १९९७ साली ठरलेल्या बिनतारी जोडणीच्या मानकाचा क्रमांक आहे. वाय-फाय हे त्याचे सुटसुटीत व्यापारी नाव १९९९ साली आले.) ‘इथरनेट’ किंवा ‘जीबीई’ असे असेल तर ती तारेची जोडणी समजावी.

कार्डाचे नाव दिसल्यास त्याच्या शेजारी खूण आहे काय ते पाहावे. खाली वळलेला लहान बाण म्हणजे ते कोणीतरी बंद केलेले आहे. माउसचे उजवे बटण दाबून ‘एनेबल’ म्हटले की काम झाले. पिवळ्या त्रिकोणातील उद्गारचिन्ह असेल तर नावावर दोनदा टिचकी मारावी. उघडलेल्या चौकटीत एक संकेतांक लिहिलेला असतो. तो कागदावर उतरवून घ्यावा, कारण पुढील सर्व निदान त्यावर अवलंबून असते. कोड २२ म्हणजे भाग बंद केलेला आहे. कोड २८ म्हणजे त्याचा ड्रायव्हर बसविलेलाच नाही. कोड १० म्हणजे तो भाग सुरू होऊ शकत नाही, आणि कोड ४३ म्हणजे त्या भागानेच बिघाड झाल्याचे कळविल्यावरून विंडोजने त्याला थांबविले आहे.

ड्रायव्हर हा शब्द येथे थोडा फसवा आहे. यंत्राचा भाग आणि विंडोज यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारी ती एक लहान आज्ञावली होय. दुभाष्या गैरहजर असला की दोन्ही पक्ष समोरासमोर असूनही बोलणे होत नाही. विंडोजचे अद्ययावतीकरण झाल्यावर दुसऱ्या दिवशी वाय-फाय गेले असेल तर दुभाष्या बदलला गेला असण्याचा संभव मोठा. त्याच चौकटीतील ‘ड्रायव्हर’ या पानावर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण असते. ते दाबण्याजोगे असल्यास पूर्वीचा ड्रायव्हर परत आणता येतो. नसल्यास त्या नावावर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करून यंत्र रीस्टार्ट करावे. विंडोज कार्डाला पुन्हा शोधून जुळवून घेते. मात्र या वेळी ड्रायव्हरही काढून टाकावयाचा काय, असे विचारणारा जो चौकोन येतो त्यात खूण करू नये. नेट नसताना ड्रायव्हर पुसून टाकणे म्हणजे विहिरीत उतरून दोर कापण्यासारखे आहे.

कार्डाचे नावच यादीत नसेल तर ‘व्ह्यू’ या शब्दाखालील ‘शो हिडन डिव्हायसेस’ हा पर्याय निवडावा. फिकट अक्षरांत नाव उमटले व त्यावर कोड ४५ आढळला, तर हा भाग पूर्वी येथे होता पण आज यंत्राला सापडत नाही, असा त्याचा अर्थ. या ठिकाणी ब्लूटूथची साक्ष काढावी. बहुतेक लॅपटॉपांत वाय-फाय व ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात. ब्लूटूथ चालू आहे आणि केवळ वाय-फाय नाही, तर कार्डाला वीज पोहोचते आहे. संशय ड्रायव्हरवर घ्यावा. दोन्ही एकदम नाहीशी झाली असतील तर कार्ड सैल झाले असावे किंवा निकामी झाले असावे. हा पुरावा निर्णायक नव्हे, पण दिशा दाखवितो. सुरुवातीस सांगितलेल्या गावातील लॅपटॉपवर ब्लूटूथही नव्हते. ते पाहण्याचे मात्र कोणास सुचले नाही.

हे कार्ड सामान्यतः २२ मिलिमीटर रुंद व ३० मिलिमीटर लांब, म्हणजे टपाल तिकिटाएवढे असते. काही यंत्रांत ते मूळ फलकावर कायमचे जडविलेले असते व काढता येत नाही. कार्डापासून दोन बारीक तारा बिजागरीतून वर पडद्याच्या चौकटीत जातात. तो त्याचा अँटेना. लॅपटॉप वर्षानुवर्षे पडद्याला धरून उघडल्याने बिजागरी ढिली होते आणि या तारा दुखावतात. अशा लॅपटॉपला राउटरच्या शेजारी बसविले तर नाव दिसते, टेबलाकडे नेले की जाते. हमीची मुदत चालू असताना झाकण उघडू नये.

कार्ड निरोगी दिसते, तरीही यादी कोरी आहे, अशा वेळी ‘सर्व्हिसेस’ या पानावरील ‘डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग’ ही सेवा ‘रनिंग’ आहे ना तेवढे पाहावे. यंत्राचा वेग वाढविण्याच्या नावाखाली मिळणाऱ्या काही फुकट आज्ञावल्या ही सेवा बंद करून ठेवतात.

नेट नाही, मग ड्रायव्हर आणावयाचा कोठून?

हा पेच खरा आहे. पण त्यातून मार्ग सोपा आहे. अँड्रॉइड मोबाइल चार्जिंगच्या तारेने लॅपटॉपला जोडावा व मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. लॅपटॉप त्या मोबाइललाच तारेची जोडणी समजतो. वाय-फाय कार्ड पूर्ण निकामी झाले असले तरी हा मार्ग चालतो, यासाठी वेगळा ड्रायव्हर बहुधा लागत नाही. मुदतीचे काम अशा रीतीने आधी उरकून घ्यावे आणि दुरुस्तीकडे नंतर वळावे. तार माहिती वाहून नेणारी असावी. केवळ चार्जिंगपुरत्या स्वस्त तारांनी हे साधत नाही.

ड्रायव्हर घ्यावयाचा तो लॅपटॉपच्या निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच, आणि यंत्राच्या पाठीवरील क्रमांक देऊन. ‘सर्व ड्रायव्हर एका टिचकीत’ असे आश्वासन देणाऱ्या आज्ञावल्यांच्या वाटेस जाऊ नये. फोनवरून ‘स्क्रीन दाखवा, मी दुरुस्त करतो’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला तर मुळीच थारा देऊ नये. ज्या लॅपटॉपला डिजिटल स्वाक्षरीची टोकन जोडली जाते त्याची किल्ली आपण तिऱ्हाइताच्या हाती देत असतो, याचे भान सुटता कामा नये. विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने जुन्या यंत्रांच्या बाबतीत ही दक्षता अधिकच घ्यावयास हवी.

‘नेटवर्क रीसेट’ हा शेवटचा उपाय आहे. त्याने साठविलेल्या फाइली जात नाहीत, परंतु वाय-फायचे सर्व पासवर्ड व ठरवून दिलेले पत्ते जातात. कार्यालयास निश्चित आयपी पत्ता दिलेला असेल तर त्या पानाचे मोबाइलवर छायाचित्र घेतल्याखेरीज रीसेट करू नये.

आपलेच नाव का दिसत नाही?

वाय-फायच्या लहरी प्रामुख्याने २.४ व ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालतात. जुन्या किंवा स्वस्त लॅपटॉपांतील कित्येक कार्डांना फक्त पहिला पट्टा कळतो. राउटर बदलला अथवा नव्या मोबाइलचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर ठेवला, की इतरांना दिसणारे नाव या लॅपटॉपला दिसत नाही. दोष कोणाचाच नसतो. हॉटस्पॉटच्या सेटिंग्जमध्ये २.४ गिगाहर्ट्झ निवडले की नाव प्रकट होते. कार्डाची क्षमता जाणून घ्यावयाची असल्यास कमांड प्रॉम्प्टवर ‘नेटश डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स’ ही आज्ञा रोमन अक्षरांत द्यावी. उत्तरात ८०२.११ पुढे केवळ बी, जी, एन ही अक्षरे असतील तर कार्ड बहुधा एकाच पट्ट्याचे आहे. ए किंवा एसी असेल तर दोन्ही पट्ट्यांचे.

जोडणी आहे, इंटरनेट नाही

कमांड प्रॉम्प्टवर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिल्यास लॅपटॉपला मिळालेला पत्ता दिसतो. तो १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही व लॅपटॉपने स्वतःच एक तात्पुरता पत्ता धारण केला आहे. राउटर बंद करून मिनिटभराने चालू करावा. प्रशिक्षणासाठी तालुक्याला नेलेल्या लॅपटॉपवर तेथील निश्चित पत्ता तसाच राहिल्यामुळेही गावी परतल्यावर जोडणी होत नाही. तेथे ‘ऑटोमॅटिक’ हा पर्याय निवडावा.

पत्ता योग्य असेल तर ‘पिंग’ या आज्ञेने एकेक टप्पा हाक मारून पाहता येतो. आधी राउटरचा पत्ता, जो आयपीकॉन्फिगमध्ये ‘डिफॉल्ट गेटवे’पुढे लिहिलेला असतो, मग ८.८.८.८ हा बाहेरचा पत्ता; मग एखाद्या संकेतस्थळाचे नाव. राउटर ओ देतो पण बाहेरचा पत्ता देत नाही, तर गावाची तार तुटली असावी. बाहेरचा पत्ता ओ देतो पण नाव देत नाही, तर नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस ही व्यवस्था बिघडली आहे. काही शासकीय जाळ्यांत पिंगला उत्तर देणे मुद्दाम बंद ठेवलेले असते, म्हणून केवळ मौनावरून निष्कर्ष काढू नये.

शाळांच्या बाबतीत आणखी एक कारण आढळते. मे महिन्याच्या सुट्टीत कपाटात पडून राहिलेल्या लॅपटॉपची बॅटरी पूर्ण उतरते आणि त्यातील घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे तारखेनुसार तपासली जात असल्याने एकही पान उघडत नाही व गुरुजी नेटला दोष देतात. तारीख दुरुस्त केली की सर्व सुरळीत होते.

भिंतीवरची पेटी

केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केलेली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम आपल्या राज्यात महानेट या नावाने झाले. या योजनेतून ग्रामपंचायतीत बसविलेल्या पेटीवर काही दिवे असतात. ‘पॉन’ हा दिवा स्थिर असेल तर तार जिवंत आहे. तो लुकलुकत असेल तर पेटी जोडणीच्या प्रयत्नात आहे. ‘लॉस’ हा दिवा लाल झाला असेल तर प्रकाशाचा संकेत पेटीपर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी पेटीतून निघणारी बारीक तार खिळ्याला अडकून काटकोनात वळली आहे काय, उंदराने कुरतडली आहे काय, एवढेच पाहावे. ती तार काढून तिचे टोक डोळ्यासमोर धरू नये. त्यातील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

आतील तार शाबूत असून लाल दिवा कायम असेल तर बाहेर कोठेतरी खोदकाम झाले काय याची चौकशी करावी. रस्ता, नळ किंवा गटार यांसाठी जेसीबी चालला आणि तार तुटली, हा अनुभव पंचायत सदस्यांना नवा नाही. खोदणाऱ्या यंत्रणेने भूमिगत तारा असणाऱ्या यंत्रणांना आधी कळवावे यासाठी केंद्राच्या दूरसंचार विभागाचे ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप २२ मार्च २०२३ रोजी सुरू झाले आहे. कंत्राटदारास कार्यारंभ आदेश देताना या ॲपवर सूचना नोंदविल्याचा पुरावा मागता येईल, आणि तो मागणे सदस्यांच्या हाती आहे.

दुरुस्तीस पाठविण्यापूर्वी

एवढे करूनही लॅपटॉप बाहेर पाठविणे भाग पडल्यास आधी सर्व नोंदी, याद्या व छायाचित्रे बाहेरील डिस्कवर उतरवून घ्यावीत. वाय-फाय नसले तरी हे काम करता येते. सोबत लेखी पत्र द्यावे आणि त्यात ‘माहिती पुसण्यास लेखी संमतीवाचून मनाई आहे’ हे वाक्य घालावे. जोडणी कोणत्या दिवसापासून नाही, त्याआधी अद्ययावतीकरण झाले होते काय, लॅपटॉप पडला वा भिजला होता काय, मोबाइलला तेच वाय-फाय मिळते काय, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोणता संकेतांक दिसतो आणि ब्लूटूथ चालते काय, एवढ्या बाबी चार ओळींत मावतात. ‘नेट चालत नाही’ असे पत्र वाचून येणारा तंत्रज्ञ बहुधा विंडोजची डिस्क घेऊन येतो. ‘कोड ४५, ब्लूटूथही नाही’ असे वाचून येणारा पेचकस आणि एक जादा कार्ड घेऊन येतो.